कवड्या समजून पिशवीत घातलेला हात, आणि "मला येतं" हे तपासायचं कसं

मित्रा, तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. दोन पावसाळे झाले तू साप रेस्क्यू करतोयस, शंभराच्या वर साप धरलेस, आणि फोटो बघून ९५ टक्के साप ओळखता येतात असं तुझं म्हणणं आहे. पण तुमच्या ग्रुपमधले सिनियर दादा चारचौघांत बोलले की तुला वाटतं तेवढं तुला येत नाही. तेव्हापासून झोप उडालीये आणि तू विचारतोयस की आपल्याला नक्की किती येतं हे माणसाने ओळखायचं कसं, आणि खरंच येत नसेल तर हे सगळं सोडून द्यायचं का. तू वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

दादा बरोबर की तू बरोबर हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तू कुठल्या भागात काम करतोस, रात्रीचे कॉल किती घेतोस, शिकवायला सोबत कोण होतं, यावर ते ठरतं. सोलापूरच्या माळावर ज्याचं ओळखणं पक्कं आहे तो आंबोलीत गेला की पहिल्याच पावसात गोंधळतो, तिथे चापडे (पिट व्हायपर, विषारी) असतात, घाटातले असे साप असतात की जे त्याने फक्त पुस्तकात बघितलेत. त्यामुळे "मला साप येतात" या वाक्याला तसा अर्थच नाही, कुठले, कुठे आणि कशासाठी, हे जोडलं की मग बोलता येतं.

माझं लक्ष दादांच्या टोमण्यापेक्षा तुझ्या ९५ वर आहे. हा आकडा आला कुठून? तू मोजलास का? मी नवीन पोरांना शिकवतो तेव्हा हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारतो आणि उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, "दादा, चुकल्याचं आठवत नाही." इथेच खरी अडचण आहे. आपल्या कामात चूक परत येऊन आपल्याला भेटतच नाही. तू कॉलवर गेलास, साप बघितलास, तस्कर म्हणालास, बरणीत घेतलास, वनखात्याच्या नोंदीत तस्कर लिहिलंस, अधिवासात सोडलास. तो तस्कर नसता तरी तुला कोण सांगणार होतं? घरमालकाला साप गेल्याशी मतलब, आणि साप काय बोलायला येत नाही. म्हणजे शंभर साप धरले याचा अर्थ शंभर वेळा परीक्षा दिली असा नाही, पेपर लिहिले पण ते कुणी तपासलेच नाहीत.

आणि त्या शंभरात नक्की काय होतं तेही बघ. वस्तीतले कॉल घेणाऱ्याला धामण, नाग, दिवड, कवड्या, तस्कर हेच फिरून फिरून मिळतात. फणा काढलेला नाग तर तिसरीतलं पोर पण ओळखतं, आणि त्यात तुझा आत्मविश्वास दर वेळी थोडा वाढतो. अवघड सापांची वेळ येते तेव्हा तो वाढलेला आत्मविश्वास सोबत असतो, सराव मात्र नसतो.

आता एक कर. पुढे वाचायच्या आधी कागद घे आणि मण्यार काढ. चित्र चांगलं यायची गरज नाही, फक्त पट्टे कुठून सुरू होतात, कुठे ठळक असतात, पोटाखालून जातात का, पाठीवरचे खवले कसे असतात, शेपटीखालचे कसे असतात, एवढं दाखव. मोबाईल बघायचा नाही. माझ्याकडे आलेली पोरं हे बऱ्यापैकी हसत सुरू करतात, मण्यार तर रोज रील्समध्ये बघतो म्हणतात, आणि मग पेन मानेजवळ थांबतं. बहुतेक जण पट्टे डोक्यापासून काढतात आणि बांगडीसारखे पूर्ण गोल फिरवतात. प्रत्यक्षात आपल्या साध्या मण्यारीचं पोट पांढरं असतं, पट्टे खालून फिरत नाहीत, मानेमागे बराच भाग पट्ट्यांशिवाय किंवा नुसते ठिपके असलेला असू शकतो, पट्टे बऱ्याचदा जोडीने येतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. पाठीच्या मधोमध जी खवल्यांची ओळ जाते ते खवले शेजारच्यांपेक्षा मोठे आणि षटकोनी असतात, शेपटीखालचे खवले अखंड, एका ओळीत. बिनविषारी कवड्याचं बरोबर उलट, पट्टे मानेकडे ठळक आणि मागे फिके होत जातात, पाठीवर ती मोठ्या खवल्यांची ओळ नाही, शेपटीखालचे खवले जोडीजोडीने.

हे वाचताना "हो हो, हे मला माहीत होतं" असं वाटलं ना? पण कागदावर आलं होतं का ते बघ. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी, रोझेनब्लिट आणि काईल, २००२ मध्ये याच्यावरच काम छापलं होतं, लोकांना विचारलं की कपड्याची चेन, फ्लशचा संडास असल्या रोजच्या वस्तू कशा चालतात हे तुम्हाला किती कळतं, लोकांनी स्वतःला चांगले मार्क दिले, मग म्हणाले आता पायरी पायरीने समजावून लिहा, आणि लिहून झाल्यावर त्याच लोकांनी स्वतःचे मार्क स्वतःच खाली आणले. साप बघून ओळखीचा वाटणं आणि त्याच्या खुणा माहीत असणं यात एवढाच फरक आहे, पण पिशवीचं तोंड उघडताना तो फरक फार मोठा पडतो.

नवीन पोरांचा अजून एक आवडता नियम म्हणजे "काळी ती मण्यार, तपकिरी तो कवड्या." बहुतेक वेळा चालतो, म्हणून तर तो धोक्याचा. पट्टेरी कवड्या काळा असतो आणि त्यावर पांढरे पट्टे असतात. कात टाकायच्या आधीची मण्यार मळकट, निस्तेज दिसते. काही कवड्यांचे पट्टे इतके पुसट असतात की नसल्यासारखेच. तसंच ते रील्सवाले नियम, तिकोनी डोकं म्हणजे विषारी, डोळ्याची बाहुली उभी म्हणजे विषारी. नाग आणि मण्यार दोघांचं डोकं तिकोनी नाही आणि बाहुली गोल, आणि उभी बाहुलीवाला मांजऱ्या साप माणसाला काही करत नाही. बरं, या मांजऱ्याच्या डोक्यावर बाणासारखी खूण असते म्हणून कोकणात त्याला फुरसं समजून मारतात, ते वेगळंच दुःख.

आता मूळ गोष्ट. जो स्लोविन्स्की हे नाव ऐकलंयस का? कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचा सर्पतज्ज्ञ, विषारी सापांवरच काम, म्यानमारमधला एक थुंकणारा नाग नवीन जात म्हणून ज्यांनी जगासमोर आणला त्यातला एक. ११ सप्टेंबर २००१ ला सकाळी उत्तर म्यानमारच्या काचिन भागातल्या दुर्गम गावात टीमसोबत होता. मदतनीसाने आदल्या दिवशी पकडलेला साप पिशवीत आणला आणि सांगितलं की हा डायनोडॉन आहे, म्हणजे मण्यारीसारखे पट्टे असलेला पण निरुपद्रवी साप. स्लोविन्स्कीने पिशवीत हात घातला. आत मण्यारीच्या जातीचं पिल्लू होतं, बोटाला चावलं. मदत लवकर येऊ शकली नाही, हवामान खराब म्हणून हेलिकॉप्टर पोचेना, सोबतचे लोक तासन् तास तोंडाने श्वास देत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. वय ३८. ते डायनोडॉन गण नंतर लायकोडॉनमध्ये मिळवलं, आणि आपला कवड्या लायकोडॉनच. म्हणजे जगातला त्या विषयातला मोठा माणूस नेमक्या त्याच जोडीवर फसला जिच्यावर आपण पोरांची परीक्षा घेतो.

ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, बघा, एवढा मोठा माणूस गेला म्हणजे नशीब. मला तसं वाटत नाही. त्याचं ज्ञान कमी नव्हतं, पण त्या क्षणी त्याने जे वापरलं ते त्याचं ज्ञानच नव्हतं, दुसऱ्याने सांगितलेलं नाव होतं. आपल्या डोक्यात ऐकलेलं, वाचलेलं आणि स्वतः तपासलेलं असं सगळं एकाच कप्प्यात पडलेलं असतं आणि बाहेर येताना तिन्हीचा आवाज सारखाच येतो, पक्का. म्हणून मी पोरांना सवय लावतो की कुठलंही विधान केलं की मागून विचारायचं, "तुला कसं माहीत?" बघितलंस, वाचलंस, का कुणी सांगितलं? तिन्ही चालतील, पण कुठलं ते माहीत पाहिजे.

दुसरं उदाहरण शिकागोचं, कार्ल श्मिट, फील्ड म्युझियमचा नावाजलेला सर्पतज्ज्ञ, सप्टेंबर १९५७. प्राणिसंग्रहालयातून ओळखायला आलेला साप हाताळताना चावला, आफ्रिकेतल्या बूमस्लँग जातीचा छोटा साप. बूमस्लँगचे विषदंत जबड्यात मागे, त्या काळी अशा सापांना फारसं गंभीर धरत नसत, त्यात हा लहान, एकच दात नीट लागलेला. त्याने घरी जाऊन आपल्याला काय काय होतंय ते वेळेसकट लिहून ठेवलं, हिरड्यांतून रक्त वगैरे, दुसऱ्या दिवशी सकाळी बरं वाटलं, आणि त्याच दुपारी गेला. साप कुठला हे त्याने जवळजवळ बरोबर ओळखलं होतं. चुकला तो "याने काय होणार" या ठिकाणी.

आणि तुझ्या बाबतीत मला हीच शंका जास्त आहे. ओळखता येणं, हाताळता येणं, सापाचं वागणं कळणं आणि विष-उपचार कळणं ही चार वेगळी कामं आहेत, पण एकात चांगलं जमलं की बाकीच्या तिघांत पण आपोआप वाटायला लागतं की येतं. हुक छान चालतो म्हणून पोरगं डॉक्टरला सांगायला जातं की एएसव्ही (सापाच्या विषावरचं प्रतिविष) किती द्या. वागणुकीचं घे, तू दिवसा कितीतरी मण्यारी धरल्या असशील, गुंडाळी करून डोकं खाली लपवून पडलेल्या, हात लावला तरी हलत नाहीत, त्यावरून तुझं मत झालं असेल की मण्यार शांत साप. पण ती निशाचर आहे रे. दिवसाची मण्यार शंभर वेळा बघून रात्रीच्या मण्यारीबद्दल काहीही कळत नाही, आणि माणसं बहुतेक रात्रीच, जमिनीवर झोपलेली असताना चावली जातात. तुझा अनुभव खोटा नाही, तो अर्ध्या दिवसाचा आहे.

मांत्रिकाचं उदाहरण देतो, आपल्याला त्याचा राग येतो म्हणून मुद्दाम. गावातला मांत्रिक दरवेळी फसवत असतो असं नाही, त्याचा स्वतःवर खराखुरा विश्वास असतो. त्याच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना बिनविषारी साप चावलेला असतो, काहींना विषारी चावलेला असतो पण विष सोडलेलं नसतं, ड्राय बाइट. हे सगळे बरे होतात आणि पाया पडायला परत येतात. जे मरतात ते परत येत नाहीत, किंवा "उशीर केला" म्हणून त्यांच्यावरच ढकललं जातं. आता सांग, "मला अमुक साप चावला, काही झालं नाही, बॉडीला सवय झालीये" म्हणणारा सर्पमित्र यापेक्षा वेगळा कसा? असली सवयबिवय होत नसते, ड्राय बाइट होता. उलट पूर्वी एएसव्ही घेतलेल्याला पुढच्या वेळी त्याचीच जोरदार ॲलर्जी येऊ शकते.

म्हणून चावलेल्या माणसाच्या बाबतीत माझा नियम कडक आहे आणि इथे मी काहीही परिस्थितीवर सोडत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो आला आणि खाली लिहिलंय "चावलाय, विषारी आहे का", तर उत्तर एकच, ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्या. तुला १०० टक्के कवड्या दिसत असला तरी "काही नाही, घरीच थांबा" हे वाक्य तुझ्या तोंडून जायचं नाही. मण्यारीच्या चाव्यात खूण दिसेलच असं नाही, सूज नाही, दुखणं नाममात्र, काही तासांनी पोटात दुखतं आणि घरचे ॲसिडिटी समजतात, मग पापण्या मिटायला लागतात आणि श्वास. डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात, साप कुठला हे कळलं तर मदत होते पण त्यावाचून अडत नाही, म्हणजे तुझ्या ओळखण्यावर त्या माणसाचा जीव टांगायची गरजच नाहीये. आपल्याकडे मिळणारं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आहे, चापड्यांवर ते चालत नाही, हे ठरवायला ते लोक बसलेत. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने साधारण १२ लाख लोक गेले असा अंदाज आहे. आपला एखादा रुबाबदार मेसेज त्यात भर घालू नये.

तुझा खरा प्रश्न होता मोजायचं कसं. माझ्या वहीची पद्धत सांगतो, साधी आहे. प्रत्येक कॉलला साप ताब्यात आल्यावर, पुस्तक किंवा मोबाईल बघायच्या आधी, तीन गोष्टी लिहायच्या: नाव, किती खात्री (मी पोरांना तीनच देतो, पक्का, बहुतेक, अंदाज), आणि कुठली खूण बघून. तिसरी गोष्ट महत्त्वाची. "दिसायलाच तसा" असं लिहावं लागलं तर पक्का लिहायचं नाही. मग सोडायच्या आधी फोटो काढायचे आणि ते अशा माणसाकडे पाठवायचे ज्याला तुझं उत्तर माहीत नाही. हे फार महत्त्वाचंय. ग्रुपवर "दादा, तस्कर ना?" असं विचारलं की निम्मे लोक हो म्हणून मोकळे होतात. नुसता फोटो आणि ठिकाण टाक, नाव नको. आयनॅचरलिस्ट या वेबसाइटवर टाकलंस तरी चालेल, तिथे जाणकार लोक आहेत, फक्त स्वतःचा अंदाज आधी भरू नकोस. उत्तरं आली की वहीत समोर लिही, आणि एक सीझन झाला की फक्त "पक्का" वाले मोज. सगळ्या नोंदी मिळून ९५ टक्के बरोबर आल्या तरी मला त्याचं फार कौतुक नाही, धामणींनी तेवढं होतंच. "पक्का" लिहिलेल्यात चुकलेले कुठले ते बघ. माझ्याकडच्या पोरांत ते जवळजवळ कायम त्याच जागी सापडतात: कवड्या-मण्यार, घोणशीचं पिल्लू आणि दुर्क्या घोणस (नावात घोणस, पण बिनविषारी), नाहीतर घोणशीचं पिल्लू आणि अजगराचं पिल्लू. हे शेवटचं तर, मोठी घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते त्यामुळे तिच्यात कोणी चुकत नाही, पण पिल्लू हातात धरून सेल्फी काढणारे महाभाग दरवर्षी निघतात.

या मोजण्याने दोन गोष्टी होतात. एक म्हणजे तुझी शंका सगळीकडे पसरत नाही, नेमक्या जागी जाऊन बसते. आत्ता तुझं जे झालंय, दादा बोलले आणि सगळंच खोटं वाटायला लागलं, ते आधीच्या अति-विश्वासाइतकंच निरुपयोगी आहे. नाग नागच आहे, तिथे कशाला थरथरायचं. आणि दुसरं, "बहुतेक" म्हणायची लाज जाते. माझ्या बघण्यात चांगले सर्पमित्र हा शब्द सगळ्यात जास्त वापरतात.

पण मोजून आकडा चांगला आला तरी पद्धत अशी ठेव की आकडा चुकला तरी जीव जाणार नाही. घरात साप निघाला की तो कुठला यावर वाद घालत बसायचं नाही. हुक, पाईप लावलेली पिशवी, सापाला अंधारं भोक दिसलं की तो स्वतःहून आत जातो, गाठ मारायची ती हुकाच्या दांड्याने वरचा भाग वेगळा करून. ही पद्धत दिवडाला आणि मण्यारीला सारखीच. पिशवीवर चिठ्ठी लावताना स्वतः खुणा तपासल्या नसतील तर "विषारी" लिहायचं, आणि दुसऱ्याने भरलेल्या पिशवीत हात कधीही घालायचा नाही, मग भरणारा कोणीही असो. स्लोविन्स्कीच्या पिशवीवर एवढी एकच पद्धत लागू असती तर मदतनीसाची चूक एक चुकीची नोंद म्हणून वहीत राहिली असती.

दादांचं काय करायचं, तर भांडू नकोस. एकटे असताना विचार, "दादा, नेमकं कुठे कमी वाटलं?" त्यांनी नेमका कॉल सांगितला, अमक्या घरी तू साप असा धरलास, तर ते सोनं आहे, लिहून घे. नेमकं काही सांगता आलं नाही, नुसतं "तुम्ही आजकालची पोरं" असं आलं, तर मग सिनियर लोकांचाही अंदाज तपासलेला नसतो हे लक्षात ठेव. वीस वर्षं साप धरणाऱ्याच्याही चुका त्याला परत येऊन भेटलेल्या नसतात.

सोडू का विचारलंस, तर नको सोडू. हा एक पावसाळा रात्रीचे कॉल एकट्याने घेऊ नकोस, लहान पट्टेवाला कुठलाही साप मण्यार धरूनच भर, आणि वही सुरू कर. फोटोत तीन बाजू पाहिजेत: वरून पूर्ण साप, डोकं बाजूने, आणि शेपटीखालचे खवले. तिसरा सगळे विसरतात. त्यासाठी साप हातात घ्यायचा नाही, पारदर्शक बरणीत ठेवायचा आणि बरणीच्या खालून फोटो घ्यायचा, फ्लॅश बंद करून, नाहीतर प्लास्टिक चमकतं आणि काहीच दिसत नाही.